भिंतीवरील ओल : डागावरून मूळ कसे शोधावे

गोव्यात चवथ जवळ आली की घराला रंग काढण्याची लगबग सुरू होते. नेमक्या याच दिवसांत, आषाढ-श्रावणाच्या पावसाने, भिंती वर्षभरात सर्वाधिक ओल्या असतात. सुटलेले पोपडे खरवडले जातात, त्यावर पुट्टी भरली जाते, रंगाचे दोन हात फिरतात आणि सण साजरा होतो. दिवाळीपर्यंत तोच डाग त्याच जागी पुन्हा उमटतो. पुढच्या वर्षी अधिक महागडा, ‘जलरोधक’ म्हणून विकला जाणारा रंग आणला जातो आणि त्याचीही तीच गत होते.

या चक्रात दोष रंगाचा क्वचितच असतो. डाग हे लक्षण आहे. रोग म्हणजे पाण्याची वाट. ती वाट न शोधता केलेली दुरुस्ती पैसा वाया घालवते. एवढेच नव्हे, तर पाणी भिंतीत कोंडून हानी वाढवते. म्हणून गिलाव्याला हात लावण्यापूर्वी पाणी कोठून येते, केव्हा येते आणि बाहेर का पडत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळणे आवश्यक असते.

चुन्याच्या दोन वास्तू

गिलाव्याचे काम काय, हे समजण्यास दोन उदाहरणे उपयोगी पडतात. पहिले इंदूरचे. होळकरांच्या या नगरीच्या जुन्या भागात, मल्हारगंजाजवळ, बडा गणपतीचे मंदिर आहे. शेंदूरचर्चित, सुमारे २५ फूट उंचीची ही बैठी मूर्ती पाषाणाची नाही. विटा आणि चुना यांनी ती घडवलेली असून चुन्यात गूळ व मेथी मिसळल्याचे परंपरा सांगते. गूळ, मेथी, हिरडा, बेलफळ असे पदार्थ चुन्यात घालण्याची रीत भारतातील जुन्या बांधकामात सर्वत्र आढळते. त्यांमुळे चुना चिकट होतो आणि सावकाश, कमी भेगा पडत घट्ट होतो. चुना-विटांची एवढी मोठी मूर्ती टिकण्यामागे दोन साध्या गोष्टी आहेत. तिच्या डोक्यावर मंदिराचे छप्पर आहे, आणि तूप-शेंदराचा चोळा ठरावीक काळाने नव्याने चढवला जातो. म्हणजे पाऊस थेट पोहोचत नाही आणि झिजणारा बाह्य थर वेळोवेळी बदलला जातो.

दुसरे उदाहरण जुन्या गोव्याचे. बाँ जेझूस बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती पूजेसाठी खुली झाली. तिच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीत, विसाव्या शतकाच्या मध्यास, तो काढून टाकण्यात आला. आज पर्यटकांना जी तांबूस, उघड्या दगडाची भव्य वास्तू ‘प्राचीन’ वाटते, ते तिचे मूळ रूप नव्हे. जांभा सच्छिद्र असतो. उघडा राहिल्याने तो प्रत्येक पावसाळ्यात पाणी पितो, त्याचे कण सुटतात. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या वास्तूवर पुन्हा गिलावा चढवावा काय, ही चर्चा अलीकडच्या वर्षांत त्यामुळेच सुरू झाली.

दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एक. गिलावा हे भिंतीचे पांघरूण आहे. त्याने स्वतः झिजावे आणि आतील दगड-विटा वाचवाव्यात, ही अपेक्षा असते. तो निकामी झाला, किंवा चुकीचा निवडला गेला, की भोग भिंतीला भोगावे लागतात.

चुना आणि सिमेंट यांतील फरक

चुन्याचा गिलावा मऊ असतो. तो पाणी थोडे शोषतो, पण ऊन पडताच वाफेच्या रूपाने सोडूनही देतो. भिंत किंचित हलली तरी तो सहसा मोठा तडा न जाता सावरून घेतो. सिमेंटचा गिलावा कडक आणि दाट असतो. तो अखंड असेल तोवर पाणी अडवतो. पण केसाएवढी भेग पडली की त्यातून पाणी आत ओढले जाते आणि दाट थरामुळे बाहेर पडण्यास वाट उरत नाही.

जांभा, माती किंवा चुन्याच्या दर्जात बांधलेल्या जुन्या भिंतीवर ‘मजबुतीसाठी’ सिमेंट चढवणे ही म्हणूनच सर्वांत सामान्य चूक ठरते. भिंत आणि गिलावा यांची चाल जुळत नाही. काही वर्षांत थर पोकळ होतो, मागे पाणी साचते आणि दर्जाची माती होते. गोव्यातील शिंपल्यांच्या चुन्याने मढवलेली जुनी घरे आणि माळव्यातील विटा-चुन्याचे वाडे या बाबतीत एकाच दुखण्याचे रोगी आहेत.

परदेशातही हा धडा महागात पडला. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन येथे १९९०च्या दशकाच्या मध्यास कृत्रिम गिलाव्याच्या असंख्य घरांत लाकडी सांगाडे कुजल्याचे उघडकीस आले. खिडक्यांच्या कडांतून शिरलेले पाणी दाट थरामागे अडकले होते. कॅनडातील व्हँकुव्हर परिसरात गळक्या सदनिकांचे संकट इतके वाढले की १९९८ मध्ये बॅरेट आयोगाने त्याची चौकशी केली. तेथे गिलाव्यामागे लाकूड असते, येथे दगड-विटा असतात. त्यामुळे आपल्या भिंती तशा कुजत नाहीत. पण पाणी शिरण्याच्या जागा त्याच आहेत: खिडकीच्या कडा, छज्जाचा सांधा, पाइपाभोवतीची फट आणि गच्चीची कड.

पाण्याच्या चार वाटा

भिंतीत ओल येण्याच्या वाटा मुख्यतः चार. प्रत्येकीची खूण वेगळी असते.

पहिली, बाहेरून झिरपणारा पाऊस. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्राकडून येत असल्याने गोव्यात पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेच्या भिंती सर्वाधिक मार खातात. त्या बाजूला चुडतांचे झाप बांधण्याची जुनी पद्धत याच निरीक्षणातून आली. या ओलीचा डाग ठिगळासारखा, अनियमित असतो. मोठ्या पावसानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गडद होतो आणि उघडीप मिळताच फिकट पडतो. डाग खिडकीखाली असेल तर उंबऱ्याचा उतार आणि छज्जाच्या खालची पाणी तोडणारी खाच तपासावी. ही खाच बुजली असेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून उलटे भिंतीकडे येते.

दुसरी, जमिनीतून चढणारी ओल. ही जोत्यापासून वर चढते, बहुधा मीटर-सव्वा मीटरच्या आत थांबते आणि तिच्या वरच्या कडेला लोण्याची पांढरी रेघ दिसते. पाऊस थांबला तरी ती लगेच हटत नाही. जोत्यावर ओलरोधक थर नसणे, अंगणाची पातळी भर घालून जोत्याच्या वर जाणे, किंवा भिंतीला टेकून फरशी घालणे ही तिची नेहमीची कारणे. खालच्या मजल्याच्या भिंतीतच ती आढळते; तिसऱ्या मजल्यावर दिसणारी ओल जमिनीतून आलेली असू शकत नाही.

तिसरी, नळ आणि सांडपाणी. हा डाग ऋतू पाळत नाही. मार्च-एप्रिलमध्येही तो ओला असतो, न्हाणीघर, मोरी किंवा टाकीच्या आसपास असतो. सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरवर रात्री आणि पहाटे नजर टाकली तर गळती आहे की नाही हे विनाखर्च कळते.

चौथी, हवेतील बाष्प. ही सर्वाधिक दुर्लक्षित वाट. हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर सुमारे २६ अंशांच्या पृष्ठभागावर दव जमू लागते. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीची भिंत सहज याहून थंड असते. दार उघडे राहिले, बाहेरची दमट हवा आत आली, की पाणी भिंतीवरच तयार होते. बाहेरून एक थेंबही आत शिरलेला नसतो. कपाटामागे, पलंगाच्या उशापाशी, कोपऱ्यात, म्हणजे जिथे हवा खेळत नाही तिथे, काळे ठिपके प्रथम दिसतात. घरात कपडे वाळवणे आणि स्वयंपाकघराची वाफ कोंडून ठेवणे यांमुळेही हेच होते.

याशिवाय एक फसवा प्रकार आहे. खाडीची किंवा समुद्राची वाळू न धुता गिलाव्यात वापरली गेली असेल तर तिच्यातील मीठ हवेतले पाणी ओढते. दमट दिवशी भिंत ओली दिसते, कोरड्या दिवशी डाग नाहीसा होतो; गळती मात्र कोठेच सापडत नाही.

भेगा काय सांगतात

भेगांचा आकार पाण्याइतकाच बोलका असतो. जाळीसारख्या बारीक भेगा हे गिलावा लवकर वाळल्याचे, त्यावर पुरेसे पाणी न मारल्याचे चिन्ह. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग तेथे ताण एकवटल्याचे सांगते. खांब किंवा तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची सरळ रेघ, दोन्ही पदार्थ वेगळ्या प्रमाणात आकसत-प्रसरत असल्यामुळे पडते; गिलाव्यापूर्वी सांध्यावर जाळी न लावल्यास ती जवळपास अटळ असते. सरळ भेगेबाजूने तांबूस गंजाचे ओघळ दिसत असतील तर आतील लोखंड गंजते आहे. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे वेगाने होते. अशा वेळी रंगाऱ्याला नव्हे, संरचना अभियंत्याला बोलवावे.

येथे गोवा आणि इंदूर यांतील फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे. इंदूरला वर्षाकाठी साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात त्याच्या तिपटीच्या आसपास. तरीही बडा गणपती परिसरासारख्या जुन्या वस्त्यांत भिंती ओल धरतात, कारण माळव्याचे पठार काळ्या मातीचे आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असेल तर भिंतीला पायऱ्यांसारखे तिरपे तडे जातात आणि थोड्या पावसालाही वाट मिळते. तेथे भेग आधी आणि पाणी नंतर. गोव्यात जांभ्याची जमीन तुलनेने स्थिर असते, पण पाऊस आणि वारा यांचा मारा प्रचंड. डाग दोन्हीकडे सारखाच दिसतो. उपाय मात्र एक असू शकत नाही.

तपासणीचा क्रम

महागड्या उपकरणांपूर्वी डोळा, बोट आणि दिनदर्शिका यांचा वापर करावा.

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. मोठ्या पावसानंतर, उघडिपीत आणि उन्हाळ्यात डाग कोठे आहे याची नोंद ठेवली की चारपैकी दोन वाटा बहुधा आपोआप बाद होतात. त्याच जागेची बाहेरची बाजूही पाहावी. पाणी नेहमी सरळ आत येत नाही. गच्चीच्या कठड्यातून शिरलेले पाणी एक मजला खाली उतरून खिडकीच्या माथ्यावर दिसू शकते.

लाकडी दांड्याने गिलावा ठोठावून पाहावा. टणक आवाज म्हणजे थर भिंतीला धरून आहे. बद्द, पोकळ आवाज म्हणजे तो सुटला आहे. पोकळ भागाची खडूने सीमा आखली की दुरुस्तीचे क्षेत्र आणि खर्चाचा अंदाज दोन्ही हाती येतात.

आतील ओल आणि हवेतील बाष्प यांचा निवाडा करण्यासाठी दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावावा आणि एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतील आहे.

पाऊस संपल्यावर खात्री करायची असेल तर नळीने पाणी मारून पाहावे, पण खालून वर आणि एका वेळी एकच भाग. आधी जोते, मग भिंत, मग खिडकीच्या कडा, शेवटी गच्चीचा कठडा. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे. वरून सुरुवात केली तर सारीच भिंत भिजते आणि नेमकी जागा कधीच कळत नाही. पाण्याचा दाब वाढवू नये; त्याने धडधाकट भिंतही गळू शकते.

ओलमापक यंत्रे उपयुक्त आहेत, पण त्यांचे आकडे समजून घ्यावे लागतात. टोकदार पिनांचे यंत्र विद्युतवहन मोजते आणि बहुधा लाकडासाठी बनवलेले असते. खारट भिंतीत ते प्रत्यक्षापेक्षा जास्त ओल दाखवते. उष्णता टिपणारा कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातील फरक दाखवतो. केवळ अशा एका आकड्यावर किंवा रंगीत चित्रावर विसंबून मोठ्या कामाचा प्रस्ताव कोणी ठेवला तर दुसरे मत घेणे शहाणपणाचे.

बुरशी, शेवाळ आणि लोणा

तिन्हींना सर्रास ‘बुरशी’ म्हटले जाते, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या भिंतीवरील हिरवट-काळा थर बहुतेकदा शेवाळाचा असतो. तो ओलीची जागा दाखवतो, परंतु घरातील हवेला त्याचा उपद्रव कमी. पांढरा, पिठूळ किंवा स्फटिकासारखा थर म्हणजे लोणा, अर्थात भिंतीतील क्षार. ओल्या बोटाने चोळल्यावर विरघळला तर तो लोणा. बुरशी विरघळत नाही. घरातील काळे, करडे किंवा हिरवट ठिपके आणि कुबट वास ही बुरशीची खूण.

बुरशीला ओलावा आणि थोडे सेंद्रिय खाद्य एवढेच पुरते; रंग, कागद, लाकूड, धूळ यांवर ती पोसते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर ती सहसा धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा धोका अधिक असतो, हा त्यांचा निष्कर्ष. बुरशीचे अमुक प्रमाण सुरक्षित, असा आकडा मात्र त्यांत दिलेला नाही. ओल आणि बुरशी होऊच न देणे हाच उपाय सांगितला आहे. बुरशीची जात कोणती, हे प्रयोगशाळेत तपासण्यावर खर्च करण्यापेक्षा तो पाण्याची वाट बंद करण्यावर करणे म्हणूनच अधिक लाभाचे.

लहान भाग घरीच साफ करता येतो. मुखपट्टी आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावे; कोरडा ब्रश फिरवू नये, कारण त्याने बीजाणू हवेत पसरतात. ब्लीच वापरायचे असेल तर ते आम्ल किंवा अमोनियायुक्त द्रव्यात कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो. दमेकरी, लहान मुले आणि वृद्ध यांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावे. दहा चौरस फुटांपेक्षा अधिक क्षेत्र व्यापले असेल तर अनुभवी माणसाची मदत घ्यावी.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

क्रम बदलला की काम फसते. प्रथम पाण्याची वाट बंद करावी: पन्हळी आणि गच्चीचे उतार, कठड्याचा माथा, खिडकीच्या कडा, छज्जाची खाच, पाइपांचे सांधे, जोत्याबाजूची माती. त्यानंतर सुटलेला गिलावा काढून भिंत वाळू द्यावी. जाडीला दर इंचामागे सुमारे महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. पूर्ण भिजलेली नऊ इंची भिंत म्हणूनच काही महिने घेते. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्यास तो विरघळून पुन्हा आत जातो.

नवा गिलावा भिंतीहून कडक नसावा. चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जातील भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. नव्या विटांच्या भिंतीला सिमेंट चालते. बाहेरून दोन थरांत मिळून सुमारे २० मिलिमीटर जाडी, धुतलेली वाळू, सांध्यांवर जाळी आणि किमान सात दिवस पाणी मारणे एवढी पथ्ये पाळावीत. रंग सर्वांत शेवटी, आणि वाफ बाहेर जाऊ देणारा. ओल्या भिंतीवर रबरासारखा लवचीक जलरोधक थर चढवला तर तो आतून येणाऱ्या पाण्याने फुग्यासारखा उचलला जातो.

गोव्याच्या हवामानात या क्रमाचे वेळापत्रक असे बसते. जून ते सप्टेंबर या काळात डागांची नोंद ठेवावी आणि फक्त गळती अडवणारी तातडीची कामे करावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नळीची चाचणी घेऊन पाण्याच्या वाटा बुजवाव्यात व सुटलेला गिलावा उतरवावा. त्यापुढचे कोरडे महिने भिंतीला वाळण्यासाठी द्यावेत. नवा गिलावा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि रंग एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरींपूर्वी पुरा करावा. चवथीसाठी घर सजवायचे असेल तर डागाळलेली भिंत तेवढी धुऊन-पुसून ठेवावी; रंगाचे पैसे उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवलेले बरे.